वन्संचे हिरवे टोमॅटो

आमच्या वन्संनी उभ्या आयुष्यात कुणाची टाचणीसुद्धा उचलली नाही, आणि ती उचलली नाही म्हणून एक शिकलासवरलेला माणूस आमच्याच घरात बसून त्यांना बोलून गेला. आता बोला!

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्यातच राहिल्या. मी घरात आले तेव्हा आमचं काही गूळपीठ नव्हतं, कशाला खोटं सांगू! मी घासून पालथी घातलेली भांडी त्या पुन्हा विसळायच्या, एकदा सोडून तीनतीनदा. मला वाटायचं, हा टोमणा आहे. बरेच महिने मी धुसफुसत काढले. मग एकदा न राहवून विचारलंच, "वन्सं, माझ्या हातचं तुम्हाला चालत नाही का?" तर बिचाऱ्या एवढ्या ओशाळल्या! म्हणाल्या, "अगं, नाही गं. प्रयोगशाळेतली सवय. काचेच्या बाटलीत साबणाचा थेंब राहिला तर रोपं मरतात." तेव्हापासून मी त्यांना भांडी विसळू दिली. माझं काय जातंय, पाणी तर फुकट.

नोकरी त्यांची झाडांच्या प्रयोगशाळेत. हुद्दा साधाच, तंत्र सहायक. जेवणाचा डबा घरी विसरायची त्यांना खोड, म्हणून मला तिथे बऱ्याचदा जावं लागायचं. लांब बोळासारखा व्हरांडा, दोन्ही बाजूंना दारं, आतून पंख्यांची घरघर. टोकाला दार उघडलं की अंगण आणि अंगणापलीकडे काचघर. आत गेलं की घामाच्या धारा लागायच्या. वन्सं तिथे स्टुलावर बसून, भिंगाचा चष्मा लावून, टोमॅटोची न उमललेली फुलं चिमट्याने उघडत असायच्या. आतली पिवळी पुंकेसरं सगळी काढून टाकायची, कारण टोमॅटोचं फूल स्वतःचं स्वतःच फळतं, त्याला दुसरं कुणी लागत नाही. ती काढली की हव्या त्या झाडाचे परागकण त्यावर टेकवायचे आणि देठाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. दिवसभर हेच. सगळे त्यांना चिमटाबाई म्हणायचे. तोंडावरसुद्धा म्हणायचे, आणि त्यांना त्यात काही वाटायचं नाही. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा.

"एवढं काय करता हो त्या टोमॅटोंचं?" असं मी विचारलं की त्या खुलायच्या. एरवी घुम्या, पण या विषयावर बोलायला लागल्या की बोलतच बसायच्या. झाडांनाही म्हणे आपल्यासारखी संप्रेरकं असतात. मी म्हटलं, "हार्मोन्स? झाडांना? अहो, मला विचारा हार्मोन्स काय असतात ते! चाळिशी उलटल्यापासून मी घरात पंख्याखालून हलत नाही." त्या हसल्या. मग त्यांनी मला समजावलं. टोमॅटो पिकतो तो एका वायूमुळे. इथिलीन त्याचं नाव. तो वायू फळ स्वतःच तयार करतं, आणि एकदा थोडा झाला की त्याच्याच जोरावर आणखी करत सुटतं. म्हणून एका रात्रीत रंग चढतो. हा वायू कसा करायचा याची कृती झाडाच्या पेशीत लिहिलेली असते, तिला जनुक म्हणायचं. पिकण्याच्या कामाची ही कृती दोन निरनिराळ्या जागी लिहिलेली असते, आणि प्रत्येक जागी एक प्रत आईकडून, एक बापाकडून आलेली.

"म्हणजे एक फाटली तरी दुसरी आहेच," मी म्हटलं.

"अगदी बरोबर! म्हणून तर इतकी वर्षं लागली ना मला."

त्यांना असं झाड हवं होतं ज्यात त्या चारही प्रती फाटलेल्या असतील. एका जागी बिघाड असलेलं झाड त्यांना हजारो रोपांच्या वाफ्यात स्वतःला सापडलं होतं. दुसऱ्या जागी बिघाड असलेलं बी मोठ्या सरांनी कुठूनसं मागवलं. दोघांचा संकर केला, त्यांची लेकरं वाढवली, आणि त्या लेकरांच्या लेकरांत सोळांतलं एखादं हवं तसं निघायचं. ते धड वाढलं नाही, कीड लागली, पंखा बंद पडून काचघर तापलं, की पुन्हा पहिल्यापासून. माझी मुलगी शाळेत जायला लागली आणि शाळा संपवून बाहेरही पडली, तेव्हा कुठे वन्संचं झाड उभं राहिलं.

त्याचं फळ पिकायचंच नाही. हिरवं, मग फिकट पिवळट, आणि तिथेच थांबलेलं. महिनामहिना ठेवलं तरी कडक. पण गंमत पुढेच आहे. त्या फळाला वायू करता येत नव्हता, पण बाहेरून दिला तर कळत मात्र होता. चार दिवस सतत वायू दिला की रंग चढू लागायचा, बरोबर नेहमीसारखा. मधेच वायू काढला की जिथे असेल तिथे थांबायचा, कारण पुढचं स्वतःचं स्वतः करायची त्याला अक्कलच नव्हती. "दूरवर पाठवता येईल गं," वन्सं म्हणायच्या, "वाटेत सडणार नाही. पोचलं की तिथे पिकवायचं." हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, की मी थट्टा करायची विसरायची.

मोठे सर म्हणजे त्या प्रयोगशाळेचे प्रमुख. पिकवणाऱ्या वायूचे जाणकार म्हणून त्यांचं नाव, परिषदांतून भाषणं. माणूस वाईट होता का? नाही हो. तिथेच तर माझी पंचाईत होते. मी आजारी असले की चौकशी करायचे, वन्संना कधी अरेतुरे केलं नाही. वाईट असता तर मला शिव्या घालून मोकळं होता आलं असतं.

एक समिती येणार होती. ती फळं बघणार, आणि पसंत पडलं तर वन्संच्या वाणाला बियाण्याच्या कोठीत कायमची जागा मिळणार, पुढे शेतात लावून बघायला बी बाहेर जाणार. वन्संना बढती नको होती, पगारवाढ नको होती. "एकदा कोठीत गेलं ना," त्या म्हणाल्या, "की मी मेले तरी ते राहील. माझ्यामागे राहण्यासारखं दुसरं काय आहे?" मी म्हटलं, "आणि आम्ही काय हवेत विरणार आहोत?" पण मला कळलं होतं त्यांना काय म्हणायचंय ते.

आणि नेमकं तेव्हाच माझं पित्ताशय बोंबललं. ऑपरेशन ठरलं. वन्संनी आठवड्याभराची रजा टाकली आणि दवाखान्यात माझ्या उशाशी येऊन बसल्या. मी म्हटलं, "जा तुम्ही, हे आहेत ना." त्यांनी हात झटकला. "त्याला तापमापक वाचता येत नाही. आणि माझी फळं कुठे पळून जातायत? न पिकणारी आहेत ती." यावर आम्ही दोघी हसलो आणि माझ्या टाक्यांना ताण पडून मी कळवळले.

समितीच्या सकाळी त्या दवाखान्यातूनच परस्पर कामावर गेल्या. पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय, आणि एकदा नाही.

फळं ठेवायची एक वेगळी खोली होती. बिनखिडकीची, गार, घट्ट दाराची. किल्ल्या दोनच, एक वन्संकडे, एक मोठ्या सरांकडे. वन्संनी दार उघडलं आणि त्यांना आधी वास आला. केळ्यांचा. मग त्यांनी दिवा लावला. क्रेटांमधली फळं केशरी झाली होती. काही तर लाल, अगदी बाजारातल्यासारखी.  तेवढ्यात मागून मोठे सर समितीच्या लोकांना घेऊन आलेच.

 मग समितीचे अध्यक्ष म्हणाले, "हे न पिकणारे?" आणि कुणीतरी फिसकन हसलं.

वन्सं म्हणाल्या, "साहेब, हे बाहेरच्या वायूने झालंय. काचघरात झाडांवर हीच फळं आहेत, ती हिरवीच असतील. चला, दाखवते. अंगण ओलांडलं की झालं."

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "बाई, भेसळ अशीच असते. कुठलेतरी परागकण आले, एखादी चिठ्ठी इकडची तिकडे झाली. हातानं करायचं काम म्हटलं की होणारच." आणि मोठ्या सरांकडे वळून, "तुमचं काय मत?"

मोठे सर क्रेटांकडे बघत होते.  मग म्हणाले, "शक्यता नाकारता येत नाही."

आणि सगळे चहाला गेले. बैठकीच्या खोलीत टेबलाच्या मधोमध टोपली होती. सफरचंदं आणि केळी, केळ्यांवर काळे ठिपके पडलेले. मोठ्या सरांच्या घरून आली होती पाहुण्यांसाठी. पिकलेली केळी, सफरचंदं तोच वायू सोडतात, हे वन्संमुळे एव्हाना मलाही माहीत होतं. समितीने केळी खाल्ली, सालं बशीत ठेवली आणि निर्णय दिला. वाणात भेसळ, जागा नाही, सगळं बी आणि सगळी झाडं नष्ट करावीत. भेसळ कुठून सुरू झाली हे कळायला मार्ग नाही, तेव्हा आई-बापाचं बीसुद्धा. कारण म्हणून लिहिलं, हाताळणीतला निष्काळजीपणा. हाताळणी कुणाची? चिमटाबाईंची.

वन्सं मोठ्या सरांच्या केबिनमध्ये गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच दार न वाजवता.

"सर, टोपली त्या खोलीत कोणी ठेवली होती?"

सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले. "मीच. आठवड्याच्या सुरुवातीला घरून आली. इथला फ्रिज बंद, बाहेर उकाडा. म्हटलं, गार जागा आहे. माझ्या लक्षातच आलं नाही हो. खरंच नाही आलं."

"मग सांगा ना त्यांना. अजून खाली गाडीपाशी असतील."

"काय सांगू? पिकवणाऱ्या वायूवर ज्याने तीस वर्षं पोट भरलं, त्याने केळ्यांची टोपली टोमॅटोशेजारी नेऊन ठेवली? उद्या जगभर हसतील मला. ही प्रयोगशाळा बंद करतील." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही. तो शब्द माझा."

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पलंगावर उठून बसले, टाके गेले खड्ड्यात. "आणि तुम्ही काय केलंत?"

"एक फळ त्यांच्या टेबलावर ठेवलं. अर्धं रंगलेलं. म्हटलं, सर, आता टोपली गेली. हे भेसळीचं असेल तर तीनचार दिवसांत लालभडक होईल. माझं असेल तर इथेच थांबेल."

थांबलं ना ते! अर्धं केशरी, अर्धं पिवळट, तसंच्या तसं. दोन दिवस, चार दिवस, आठवडा. मोठ्या सरांच्या नाकासमोर, कागदांच्या ढिगाशेजारी. आठवड्याने त्यांनी वन्संना बोलावलं, ते फळ हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघितलं, आणि त्यांच्या ओंजळीत परत ठेवलं. म्हणाले, "चुकलंच माझं. पण आता आवरून घ्या."

आवरून घ्या! घर झाडायला सांगावं तसं.

नष्ट करायचं म्हणजे वाफेवर शिजवायचं. त्यांच्याकडे माणसाच्या उंचीचा एक मोठा कुकरच होता म्हणा ना, त्यात. तो चालवायचं काम वन्संचंच. बी घातलं, फळं घातली, झाडं मुळासकट उपटून पिशव्यांत भरून घातली. घरी आल्या तेव्हा केसांना शिजलेल्या टोमॅटोचा वास येत होता. दारातच बसून राहिल्या.

मी अजून काठी टेकत चालत होते, तशीच त्यांच्याजवळ गेले. "चार बिया तरी आणल्यात की नाही रुमालात बांधून?"

"छे."

"छे काय छे! कोण बघत होतं? मागच्या गॅलरीत कुंडीत लावल्या असत्या, कुणाच्या बापाला कळलं नसतं!"

"अगं, सगळं शिजवलं म्हणून मी सही केली. खोटी सही करू? ते मला निष्काळजी म्हणाले, ते खोटं आहे हे मला ठाऊक आहे. पण बी खिशात घातलं असतं तर मी खरोखरच चोर झाले असते."

मला असा संताप आला! त्यांच्यावरच आला. मी त्यांना मूर्ख म्हटलं, भित्री म्हटलं, नाही नाही ते बोलले. आमच्या ह्यांनी मध्ये पडून मला गप्प केलं. वन्सं उठल्या, आणि बेसिनमध्ये पडलेली भांडी विसळायला लागल्या.

नोकरी राहिली, सरांनी शब्द पाळला. काचघर मात्र काढून घेतलं. निष्काळजी माणसाच्या हातात फुलं कशी देणार? निवृत्त होईपर्यंत त्या बाटल्या धूत होत्या. चिमटाबाई हे नाव हळूहळू बंद पडलं. ज्या नावाचा मला एवढा राग यायचा, ते पुन्हा कुणीतरी हाक मारावं असं मला वाटायला लागलं. वन्संनी त्यानंतर घरात टोमॅटो चिरला नाही. मी चिरत असले की उठून बाहेर जायच्या.

वर्षं गेली. मोठे सरही निवृत्त झाले. आणि मागच्या महिन्यात दुपारी आमची बेल वाजली. दार उघडलं तर तेच. केस पांढरे झालेले, जिना चढून धाप लागलेली, आणि हातात चकचकीत कागदात बांधलेली फळांची टोपली. मला दोन क्षण वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. पण नाही, त्यांच्या डोक्यातही नव्हतं. कुणाकडे जायचं तर फळं न्यायची, एवढंच.

चहा झाला, तब्येती झाल्या. मग मुद्द्यावर आले. दुसऱ्या एका देशातल्या लोकांनी म्हणे अगदी असाच टोमॅटो काढलाय, त्याच दोन जनुकांचा, आणि आम्हीच पहिले म्हणून गाजावाजा चाललाय. "आपण किती आधी केलं होतं!" सर म्हणाले. हे 'आपण' ऐकून मी कप जोरात ठेवला. "पण दाखवायला जिवंत काहीतरी हवं. नुसत्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? तुमच्याकडे असेल ना थोडं बी? एखादी पुडी?"

"नाही सर," वन्सं म्हणाल्या.

"अहो, आता घाबरायचं काय कारण? मीच विचारतोय. सगळेच ठेवतात थोडंफार बाजूला, मला काय माहीत नाही?"

"मी नाही ठेवलं. तुम्हीच सही घेतली होती."

सरांचा चेहरा पडला. त्यांना खरंच वाटलं होतं, की ही बाई चोर निघेल. किती आशेने आले होते बिचारे! मग ते वाईट वाटणं हळूहळू चिडण्यात बदललं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. म्हणाले, "कमाल आहे. इतकी वर्षं त्या झाडांमागे घालवलीत, आणि एक बी मागे ठेवावंसं वाटलं नाही? मग तुमचा जीव होता तरी कशात?"

मी उठलेच. "अहो सर, तोंड सांभाळून! माझ्या घरात बसून—"

वन्संनी माझा हात धरला. शांतपणे उभ्या राहिल्या. कोपऱ्यातल्या स्टुलावरची ती टोपली दोन्ही हातांनी उचलली, वाकून वास घेतला, आणि सरांसमोर धरून विचारलं, "ही कुठे ठेवू, सर? गार जागी ठेवू का?"

सरांनी हातातला कप बशीत ठेवला. ते वन्संकडे बघत राहिले, मग टोपलीकडे, मग जमिनीकडे.  उठले, दाराशी चपलेत पाय घालताना दोनदा चुकले, आणि गेले. जिन्यावरून त्यांची पावलं थांबत थांबत खाली जाताना ऐकू येत होती. मी टोपली दाराबाहेर नेऊन ठेवली.

मला तर इतका आनंद झाला होता म्हणून सांगू! इतक्या वर्षांनी कुणीतरी त्या माणसाला त्याची जागा दाखवली, आणि तीही माझ्या घुम्या नणंदेने. फक्त उड्या मारायच्या बाकी होत्या. म्हटलं, "वन्सं, काय बोललात हो! असं तेव्हा बोलला असतात तर!"

त्या स्वयंपाकघरात होत्या, माझ्याकडे पाठ करून. सरांचा कप नळाखाली धरलेला. एकदा विसळला, दोनदा विसळला, तिसऱ्यांदा विसळला, आणि तरी नळ चालूच.

"ते बरोबर बोलले गं," त्या म्हणाल्या. "चोरायला हवं होतं. एक फळ. एकच."

मी त्यांच्या हातातून कप काढून घेतला, नळ बंद केला आणि फडक्याने तो पुसत उभी राहिले.